जमेची बाजू

इब्राहिमभाई सोलकर वारले त्याला चार पावसाळे झाले,
धर्मादाय कार्यालयात मात्र ते अजून विश्वस्त आहेत.
बदल अर्ज पडून आहे. रत्नागिरीला गेले की
खुशाली विचारावी तशी मी चौकशी करते.
खिडकीतला मुलगा म्हणतो, "चालू आहे, मॅडम."
मला बरं वाटतं. कुठेतरी तरी चालू आहेत.

नाट्याच्या बंदरावर, बर्फ कारखान्यामागे
आमची एक खोली. पत्रा, नळ, फळा.
नारळी पौर्णिमेनंतर डोटी-अछामहून आलेले बाप ट्रॉलरवर,
आया कोळंबी सोलायला,
पोरं आमच्याकडे. निरू साउद, गगन बोहरा,
आणि नाव न सांगणारा एक, ज्याला सगळे माकूल म्हणतात.
जूनमध्ये मासेमारी बंद झाली की पटावरची नावं जातात.
भिंतीवर तेवढे तेलकट हात राहतात, कमरेएवढ्या उंचीवर.

महिना अकरा हजार चारशे.
त्यात रोशनबाईंचा पगार, खिचडी, खडू, भाडं.
जर्मनीतल्या कुणा बाईचे पैसे पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे यायचे,
तिथून आमच्याकडे.
मग दिल्लीत कायदा सुधारला:
एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा द्यायचा नाही.
खाजणाच्या बांधाला उघाडी असते,
ओहोटीला पाणी सोडते, भरतीला आपोआप मिटते.
तशीच मिटली. आवाजसुद्धा झाला नाही.
पुण्याहून एक मेल, सुरुवातीलाच "खेदपूर्वक".

कायदा उगाच झाला असंही नाही.
सड्यावरच्या एका संस्थेनं नऊ वर्षं
चाळीस अनाथ मुलं सांभाळली, जी जन्मलीच नव्हती.
तिचे कागद नेहमी वेळेत असायचे.
आमची मुलं शिंकतात, भांडतात, चपला हरवतात.
त्याचा दाखला कुठे मिळतो?

पोर्टलवर रकाना: लाभार्थ्याचा आधार क्रमांक.
शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
मी माकूलला विचारलं, तुझा नंबर काय रे?
त्यानं बोटं मोजली आणि म्हणाला, सात.
त्याला तिथपर्यंतच येत होतं.

गेल्या शनिवारी बोटी लागल्या
आणि गगनचा बाप दारात. हातात दहाच्या नोटा,
ओल्या, बांगड्याच्या वासाच्या, एकमेकींना चिकटलेल्या.
चौदा खलाशांची वर्गणी, सहाशे चाळीस.
"बाईंना द्या. शाळा बंद नको."
मी पावतीपुस्तक उघडलं, नाव लिहिलं,
गाव लिहिताना थांबले.

ऑडिटर आडिवरेकरांना फोन लावला. आधी ते हसले,
मग हसायचे थांबले.
"नागरिक नेपाळचा ना? मग वहिनी, ही परदेशी देणगी.
नोंदणी हवी. दिल्लीच्या शाखेत खातं हवं."
"अहो, इथंच कमावलेत. आपल्याच माशांचे पैसे."
"मासे कुठले, ते कायदा विचारत नाही. फी म्हणून घ्या हवं तर."
"फी घ्यायची नाही, असं आमच्या घटनेत आहे. कलम चार.
इब्राहिमभाईंनीच घातलेलं."
"मग घटना बदला."
"सगळ्या विश्वस्तांच्या सह्या लागतील."
दोघंही गप्प. मध्ये नुसती बर्फ कारखान्याची घरघर.

वहीत जमेच्या बाजूला मी तारीख टाकली आहे.
पुढचं सुचत नाही.
नोटा फळ्याखालच्या दोरीवर वाळत घातल्या,
चित्रं लावायच्या चिमट्यांनी.
निरू त्या मोजत बसली, आधी नेपाळीत,
मग मराठीत, अडखळत, पन्नासाशी एकदा चुकून पुन्हा पहिल्यापासून.
दोन्हीकडे चौसष्टच भरल्या.